कहकशाची धनुकली

कहकशाने पहिला ठोका मारला आणि तिच्या अब्बांनी मान खाली घातली.

नूर महंमद शेवटच्या रांगेत, भिंतीला खेटून बसला होता. समोर त्याचीच धनुकली छताच्या कडीला दोरीने टांगलेली. हिच्यावर त्याने उभ्या धुळे शहराच्या गाद्यांचा कापूस पिंजला होता. गाद्यांचं मशीन आलं, फोमही आला, आणि तिला कुणी विचारेनासं झालं. आज तिच्या लाकडाला वायरी चिकटवल्या होत्या आणि त्याची मुलगी ती लोकांना वाजवून दाखवत होती. तेही फ्रेमच्या दुकानामागच्या खोलीत. दुकानदार प्रेमराजने खोलीला पांढरा रंग दिला, चार चित्रं टांगली, मांडववाल्याच्या खुर्च्या आणल्या आणि तिचं नाव आर्ट गॅलरी ठेवलं. बाहेरच्या पाटीवर ‘प्रयोगशील संगीत’ असं लिहिलं होतं. म्हणजे काय, हे प्रेमराजला विचारायची सोय नव्हती. तो तासभर बोलला असता.

“एकदाच देतो,” नूर महंमद घरून निघताना म्हणाला होता. “लोक हसले, तर धनुकली माळ्यावर जाईल. मग पुन्हा तिचं नाव काढायचं नाही.”

कहकशा हो म्हणाली होती. धनुकलीच्या आवाजापायी तिने नोकरीवर पाणी सोडलं होतं, पण अब्बांपुढे तिचं तोंड उघडत नसे.

तिने लाकडी ठोकळ्याने पुन्हा तात, धनुकलीची ताणलेली दोरी, छेडली. टणत्कार स्पीकरमधून फिरून आला. तिने पायाशी ठेवलेल्या यंत्राची कळ दाबली. तो ठोका तिथेच गोल गोल फिरत राहिला आणि तिने त्यावर दुसरा चढवला. खोलीत कॉलेजची पोरं होती, काही प्राध्यापक होते, आणि उकाड्याने जीव जात होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओढणी तोंडात धरून हसू दाबत होती. नूर महंमदला नेमकी तीच दिसली.

प्रेमराजने उठून मागचं दार उघडलं. थोडा वारा आत आला आणि सगळा आवाज गल्लीत गेला.

पिंजारी काही भाजीवाल्यासारखा ओरडत जात नाही. चालता चालता नुसती तात वाजवतो. ज्याला गादी पिंजून घ्यायची तो ती घेऊन बाहेर येतो. ह्या गल्लीला तो आवाज ऐकून बरीच वर्षं झाली होती, पण गल्ली विसरली नव्हती. थोड्याच वेळात दारात गल्लीतली भिकुबाई उभी. डोक्यावर गुंडाळलेली गादी.

“पिंजारी उना ना? कोठे शे?” ती म्हणाली. “तातना आवाज ऐकाले उना म्हनीसन गादी लई उनू. बठ्ठा कापूस गोया व्हई गया शे.”

तिच्यामागे शेजारची दीपमाला, दोन्ही काखांत उशा.

खोलीत हशा पिकला. ओढणीवालीने तर आता ओढणीही सोडून दिली. कहकशाचा हात वरच्या वर थांबला; यंत्रातले जुने ठोके तेवढे बिचारे फिरत राहिले. नूर महंमद उठला. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला आणि दोरीच्या गाठीला हात घातला.

कहकशाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गादीकडे पाहत होती.

“अक्का, इथं टाका,” ती म्हणाली.

वायरी कापायच्या कात्रीने तिने गादीची शिवण उसवली. कापसाचे घट्ट, पिवळे पडलेले गोळे तातेखाली ओढले. आणि ठोका मारला.

तात कापसात शिरली. मघाचा कोरडा टणत्कार गेला आणि खालून काहीतरी जाड, उबदार, मोठं वर आलं. कापूस धाग्याधाग्याने सुटत होता आणि त्याची सळसळ त्या वायरींतून खोलीभर पसरत होती. कापसात अडकलेल्या काडीकचऱ्याची तडतड. खाली ठोका, त्याच्याखाली मघाचे ठोके. कहकशा हात चालवत राहिली. खुर्च्या थरथरू लागल्या, मग जमीन. ओढणीवालीचं तोंड उघडंच राहिलं होतं.

नूर महंमदचा हात गाठीवर होता. दोरीतून ती थरथर त्याच्या मनगटात, तिथून छातीत उतरली. गाठ सोडायचं त्याला सुचेना. एवढी वर्षं त्याने नाकातोंडाला फडकं बांधलं आणि जीव पुढच्या घराच्या गादीत ठेवला. हा आवाज तेव्हाही त्याच्याच हातून निघत होता, आणि त्याला तो कधी ऐकू आला नाही. त्याला भीती वाटली. भर दुपारी रिकाम्या मशिदीत एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी. आवाज थांबू नये असंही वाटलं.

शेवटचा गोळा सुटला तेव्हा कहकशाने ठोकळा खाली ठेवला. यंत्र बंद केलं. कुणी टाळी वाजवली नाही. कापसाचे तंतू हवेतून खाली येत होते. प्राध्यापकांच्या केसांवर, चित्रांवर, प्रेमराजच्या नव्या सदऱ्यावर. कुणी ते झटकलेही नाहीत.

भिकुबाईने ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. “फूल व्हई गया,” ती हळूच म्हणाली. मग दोरीपाशी उभ्या नूर महंमदला तिने ओळखलं. “पिंजारीभाऊ, तुम्हीच का? आते परत कव्हय येशात?”

नूर महंमदने गाठीवरचा हात काढला.

“माले काय इचारतस, अक्का,” तो म्हणाला. “तिले इचारा. पिंजारी ती शे.”