चौदा जुलैची नोंद

१९९८ साली अबोलीने सुभानपुऱ्याच्या घरी बाबांसमोर संगणकाचा छापील तक्ता ठेवला. तिच्या प्रबंधातलं हवामानाचं मॉडेल सांगत होतं, की १९७४च्या दुष्काळी पावसाळ्यात कच्छच्या एका तालुक्यात एकेचाळीस दिवस भुरभुर झाली. बाबा तेव्हा तिथे सरकारी नोकरीत होते आणि रोज सकाळी पर्जन्यमापक वाचून वहीत आकडा लिहीत. त्यांच्या वहीत पावसाचे दिवस फक्त तीन होते, बाकी सगळी शून्यं. “माझे गाईड सर म्हणतात, मापक वाचणाऱ्याने घरबसल्या शून्यं भरली असणार. ही वही वापरायची नाही,” अबोली चाचरत म्हणाली. बाबा चिडले नाहीत. “चौदा जुलै काढ.” तिने पान उलटलं. ‘मापकात चार मिलिमीटर पाणी. भोवतीची जमीन कोरडी. शेजारी घरचे फुलपात्र. विचारता चि. अबोलीने ओतल्याचे कबूल केले. पाऊस शून्य.’ तेव्हा ती पाच वर्षांची होती. मापकापासून बाबा रोज तोंड पाडून परत येतात, एवढंच तिला कळायचं. “तेव्हा मला रागावला होतात?” “छे गं. सगळ्या तालुक्यात माझी दया एकट्या तुलाच आली होती. पण पाऊस नव्हता ना तो.” सरांना दाखवायला अबोलीने त्या पानात खूण घातली. बाबा अजून तक्त्यावरचे एकेचाळीस दिवस बोटाने मोजत होते. “तुझ्या कॉम्प्युटरलाही माझी दया आली वाटतं,” ते म्हणाले, “त्याला रागावू नकोस, दीकरा.”