दार आलं की

"कारखान्यातून घरी जाताना मी तुमच्यासोबत चालेन, तुम्ही फक्त बोलत राहा. तुमचं दार आलं की मुलाखत संपली," मी काजं-बटणं करणाऱ्या त्या बाईंना समजावलं आणि रेकॉर्डर सुरू केला. घर आणि रोजचं येणं-जाणं, हा माझ्या संशोधनाचा विषय.

बाई बोलायला लागल्या त्या थांबेनातच. कुठल्या कोपऱ्यावर कुत्रं अंगावर येतं, गटाराचं कुठलं झाकण पायाखाली डुगडुगतं, सगळं सांगून झालं. मी खूश. पण तेच झाकण चौथ्यांदा डुगडुगलं, तेव्हा न राहवून विचारलं,

"ताई, रस्ता चुकलो का आपण?"

"बावीस वर्षं येते-जाते मी. चुकेन कशी?"

"मग घर कुठंय तुमचं?"

मान वर न करता त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस कठड्याला धरून खाली बघत होता. पहिल्या फेरीपासून तो तिथंच होता. मला वाटलं होतं, हवा खात उभा असेल.

"अहो, म्हणजे पोचलोच की!" म्हणत मी रेकॉर्डर बंद करायला गेले.

बाईंनी माझं मनगट गच्च धरलं. त्यांची बाही वर सरकली, ती त्यांनी घाईघाईनं खाली ओढली.

"दार कुठं आलंय अजून? विचारा ना, मॅडम. काहीही विचारा."