तुरसुन आपांची वाडगी

आम्हा किर्गिझांच्या घरी पाहुण्याला चहा अर्धी वाडगीच ओततात. अर्धी म्हणजे बसा, अजून ओतते. काठोकाठ भरली, की समजायचं, आता निघा.

म्हणून इस्पितळात सहा नंबरच्या खाटेवरच्या तुरसुन आपांच्या उशाशी काठोकाठ वाडगी दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी शिकाऊ नर्स खरी, पण चहा मीच ओतला होता. अर्धा.

"कोणी भरली ही?" मी मोठ्या सिस्टरना, सैकाल एजेंना, म्हणजे सैकालताईंना विचारलं. "म्हातारीला हाकलायचंय का तुम्हाला?"

"शहाणपणा पुरे, गुलबारा. तिची कूस बदलायला कोणाला वेळ नाही, चहा कोण ओतणार?"

हे वर तोंड करून सांगत होत्या!

मी आपांची कूस बदलली, पाठ पुसली, ओठ ओले केले. जास्तीचा चहा मोरीत ओतून दिला. वळून पाहते तो वाडगी पुन्हा काठोकाठ. खोलीत आम्ही दोघीच.

"लाज नाही वाटत?" मी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ओरडले. "त्या कुठेही जाणार नाहीत. माझ्या पाहुण्या आहेत त्या!"

मग दुपारभर मी ती वाडगी दोन्ही हातांत धरून बसले. ती अर्धीच राहिली. आपांचा श्वास मोकळा झाला. डोळे उघडून त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग त्यांची नजर माझ्यामागे खिडकीकडे गेली, आणि हसू विझलं.

खिडकीत माझी वाडगी होती. सकाळीच धुऊन मी ती पालथी घातली होती.

आता ती सुलटी होती. वाफाळत होती. काठोकाठ.