घराण्याची हनुवटी

"म्हंजे आपली हनुवटी कापनार?" बळीराम ताटावरून अर्धवट उठला. "आमच्या घराण्याची?"

"कापून फेकणार नाहीत, पप्पा. खालचा जबडा कापून मागे सरकवणार आणि स्क्रूनं बसवणार," भाविका म्हणाली.

आईच्या, सत्यवतीच्या, हातातला डाव कालवणात पडला.

रोडपालीत बळीरामची हनुवटी प्रसिद्ध होती. वळणावरून आधी ती यायची, मग बळीराम. त्याच्या वडिलांची तशीच, बहीण गंगाबाईची तशीच, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी भाविका जन्मली तीही तीच घेऊन. लग्नकार्यात बळीराम लेकीला शेजारी उभी करायचा आणि पाहुण्यांना दोघांची तोंडं बाजूनं बघायला लावायचा. "बघा. शिक्का हाय आमचा." फोटोग्राफरनं समोर बघा म्हटलं की हा मुद्दाम आडवा वळायचा.

भाविकाला मात्र या शिक्क्यानं कधी धड जेवू दिलं नव्हतं. तिचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नसत. वडापाव हातानं तोडून खायचा, पेरू सुरीनं कापून. दाढा झिजल्या होत्या. कामोठ्याच्या क्लासमध्ये तासभर गणित शिकवलं की कानाजवळ जबडा ठणकायचा. डॉक्टर चारुतांनी ऑपरेशन सांगितलं, पण आधी दीड वर्ष तारा. घरी तिनं फक्त तारांचंच सांगितलं होतं. तारांनी दात जागेवर आले तसा जबडा आणखीच पुढे दिसायला लागला. ऑपरेशनआधी तसंच व्हायचं असतं, हे बळीरामला कुठलं माहीत? तो खूश. "बघ," बायकोला म्हणायचा, "तारांना बी जुमानत नाय."

आता तारीख मिळाली होती. सांगणं भाग होतं.

"मी ठरवलंय," भाविका म्हणाली. "तुम्ही सही केली नाहीत तरी चालेल. माझी मी करीन."

बळीराम हात धुऊन बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं लेकीशी अबोला धरला.

ऑपरेशन चार तास चाललं. भाविका शुद्धीवर आली तेव्हा तोंड सुजून कलिंगडाएवढं झालं होतं आणि वरचे-खालचे दात रबरांनी घट्ट बांधलेले. आता दोघांचंही बोलणं बंद. बापाचं रागानं, लेकीचं रबरांनी. घरात नक्की कोण कुणाशी बोलत नाही, हेच पाहुण्यांना कळेना.

सत्यवतीनं मिक्सर हाती घेतला. वरणभात फिरवून, कोलंबीचा रस्सा गाळून. एका रविवारी तिनं उकडीचे मोदक दुधात फिरवले आणि सिरिंजनं लेकीच्या गालाच्या कडेनं आत सोडले. भाविकाचा खालचा ओठ बधिर होता. हनुवटीवरून मोदक ओघळतोय, हे तिला आईच्या तोंडाकडे बघून समजायचं.

गंगाबाई आत्या भेटायला आली आणि भाचीच्या कानाशी ओरडली, "वळकलंस का गो मला?" तोंड बंद म्हणजे कानही बंद, असा तिचा हिशेब. भाविकानं उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "हळू बोल." आत्याचा चष्मा घरी राहिला होता. तिनं पाटी भावाच्या हातात दिली. बळीरामनं वाचलं, आणि पाटी परत बहिणीच्या हातात ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली. भाविकानं आरसा घेतला. आत कुणीतरी भलतीच मुलगी होती. बरी होती दिसायला, पण ओळखीची नव्हती. पप्पांचं तिच्यात काहीच उरलं नव्हतं. भाविकाला रडू कोसळलं. रडल्यानं नाक चोंदलं, तोंड तर उघडेना. "रडू नको गो, आदी श्वास घे!" सत्यवती पंख्याची सगळी बटणं दाबत सुटली. बळीराम दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला.

सहाव्या आठवड्यात रबरं काढायला जायचं होतं. भाविका रिक्षा बघायला निघाली तर बळीराम गाडीत बसून वाट बघत होता. वाटेत एक अक्षर बोलला नाही. दवाखान्यात मात्र तिच्या मागोमाग थेट आत आला. भाविकाला वाटलं, आता पप्पा डॉक्टरांशी भांडणार.

डॉक्टर चारुतांनी रबरं काढली. पिकलेलं केळं पुढे केलं. "पुढच्या दातांनी. सावकाश."

भाविकानं चावा घेतला. तुकडा तुटला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पुढच्या दातांनी काही तोडलं होतं.

बळीराम खाकरला. "डॉक्टर, माजं छप्पन्न पुरं हाय. या वयात व्हतंय का हे?"

भाविका केळं गिळायची विसरली.

"तपासण्या ठीक आल्या तर होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी दीड वर्ष तारा."

"घालू."

"आणि ऑपरेशनला मिशी काढावी लागेल."

यावर मात्र बळीरामनं मिशीची दोन्ही टोकं चाचपून बघितली. "काढू," तो शेवटी म्हणाला.

"फफ्फा!" सहा आठवड्यांतला भाविकाचा पहिला शब्द बधिर ओठातून असा बाहेर पडला. "मग इतकी वर्षं मिरवत का होतात?"



"मला शाळेत पोरं फावड्या म्हनायची," तो म्हणाला. "तू झालीस, तुजं तोंड बघितलं, नि ठरवलं, हिला कुनी हसायच्या आदी आपनच मिरवायला लागू."