एक जिन्नस कमी

“नाही सापडली तर नाही सापडली,” मार्लिस म्हणाली. “एवढा जीव नको आटवूस बाबा त्या मशीनपायी.”

ड्वेनने मान वर केली. तो डुलुथ शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हरवलेल्या फायलींसाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. इथे लॅव्हॉनच्या दिवाणखान्यात चर्चच्या महिला मंडळातल्या झाडून साऱ्या बाया कॉफीचे कप धरून बसल्या होत्या, आणि फाइल एकीलाही नको होती.

“मामाने बजावलंय, काढूनच दे म्हणून,” तो म्हणाला. त्याचा मामा म्हणजे चर्चचे पास्टर.

“पास्टरना काय कळतंय स्वयंपाकातलं,” बेव्हर्ली कपाआडून पुटपुटली.

चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. प्रत्येकीने आपला नावाजलेला पदार्थ लिहून दिला, लॅव्हॉनने तो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवला, आणि बर्फ वितळायच्या सुमारास जाहीर केलं की फाइल गेली. मूळ कागद म्हणे तिने काम झाल्यावर शेगडीत टाकले होते. मग सगळ्यांनी पुन्हा लिहून दिलं. गोची झाली ती तिथेच.

आमच्या मिनेसोटात कुणी कृती मागितली तर नाही म्हणायची सोय नाही. तो उद्धटपणा. म्हणून हसतमुखाने द्यायची आणि एक जिन्नस गाळायचा. पुढे ती बाई म्हणते, तुझ्यासारखा काही होत नाही गं. आपण म्हणायचं, ओव्हनचा फरक असेल.

मार्लिसचा चॉकलेट केक तिच्या सासूकडून आलेला. चर्चच्या जत्रेत दरसाल पहिला नंबर त्याचा, दुसरा लॅव्हॉनच्या केकचा. मार्लिसच्या केकात ताक पडायचं आणि कोरी कॉफी, पण हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा लिहून देताना तिने कॉफी गाळली. घरी परतताना गाडीत आठवलं की पहिल्या वेळी ताक गाळलं होतं आणि कॉफी लिहिली होती. आता जुनी फाइल सापडली आणि दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की झाला सबंध केक. तेव्हापासून तिला त्या फायलीची धास्ती होती. आज बाकीच्यांचे चेहरे पाहून तिला कळलं, की दोनदा दोन वेगळे जिन्नस गाळणारी ती एकटीच नव्हती.

“आली,” ड्वेन म्हणाला.

लॅव्हॉनने चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कशाला जुनं उकरत बसायचं? नवं आहेच की. पुस्तक त्यावरूनच छापू. ही टाक पुसून.”

मार्लिसला एकदम हायसं वाटलं. काय गुणाची बाई आहे ही, आणि आपण हिच्या बटाट्याच्या सॅलडला गावभर नावं ठेवत फिरलो. तिला खरंच वाईट वाटलं.

“पुसायला मी कशाला हवा?” ड्वेन बॅग आवरत म्हणाला. “लॅव्हॉनबाई, मशीन धडधाकट आहे तुमचं. फाइल आपोआप नाही गेली. कुणीतरी आधी ती कागदावर छापून घेतली, मग पुसली, वर मशीनमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. काम एकदम पद्धतशीर आहे.”

“हो का? हात लागला असेल माझा,” लॅव्हॉन म्हणाली. चेहरा असा, की ताकास तूर लागू देईना. “रिकाम्या पोटी जायचं नाही हं, ड्वेन. बसा गं सगळ्याजणी.”

ती आतून चॉकलेट केक घेऊन आली.

मार्लिसने एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांपुढे सासू उभी राहिली. तोच काळा, ओलसर केक. आधी ताकाची जराशी आंबूस चव, मागून कॉफीची. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. संताप असा आला की बशी भिरकावून द्यावी, पण लोकांच्या घरी बशा भिरकावायची आमच्याकडे रीत नाही.

“छान झालाय,” ती म्हणाली. “कृती देशील ना गं?”

“देते की. तुला कशी नाही म्हणेन?” लॅव्हॉनने खणातून कार्ड काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या, हसत हसत, गोलगोल अक्षरात लिहून दिलं.

मार्लिसने ते गाडीत बसून वाचलं. मैदा होता, साखर होती, कोको, अंडी, कोरी कॉफी, सगळं होतं. ताक तेवढं नव्हतं.