निम्म्या दरातली आई

आई एकच असते आणि ती कुठे उसनी मिळत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. मास्तरांना ती तळमजल्यावर मिळाली, एका दिवसाच्या बोलीवर.

मास्तर म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. शर्टाच्या कापडातून शर्ट कोणीही काढील. मास्तर शर्ट काढून वर धाकट्याची चड्डीही काढत. कात्री हातात नसली तरी चिंधी वाया जाऊ द्यायची नाही, असा माणूस. थीम पार्कची सहल दोन वर्षं रखडली ती याच पायी. चौघांच्या पूर्ण तिकिटांत कात्री लावायला जागाच दिसत नव्हती. यंदा थोरलीनं विचारणंच सोडून दिलं, आणि ते मास्तरांना लागलं.

मग पार्कच्या जाहिरातीच्या तळाशी, बारीक अक्षरांत, जागा सापडली. पंचाहत्तरीपुढची आई बरोबर असेल तर सगळ्या कुटुंबाला निम्मा दर. आई मात्र सख्खी हवी. खोटं निघालं तर दुप्पट दंड. कारखान्यातल्या इस्त्रीवाल्यानं बायकोची मावशी आई म्हणून नेली होती. फाटकावरच्या कारकुनानं पोराला बाजूला घेऊन आजीचं नाव विचारलं, आणि सहल तिथेच आटोपली. पोरं अजून बापाशी नीट बोलत नाहीत, असं तो इस्त्री फिरवता फिरवता सांगायचा.

मास्तरांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण तळमजल्यावर चार महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या होत्या. वय शहात्तर. मुलगा होता, पण तो दुसरीकडे राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याला हमखास काम, त्यामुळे आपलं कुठे जाणंच होत नाही, असं त्या एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या. मास्तरांनी जास्त चौकशी केली नव्हती. फार चौकशी केली की माणूस आपलाही वेळ मागतो.

मास्तरांनी चाचरत बेत सांगितला. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, तालीम कधीपासून.

तालमी आठवडाभर चालल्या, आणि पहिल्याच दिवशी सूत्रं बाईंच्या हातात गेली. त्यांनी मुलांकडून आजीचं नाव, आजीचं गाव, आजीचं दुखणं घोटून घेतलं. मास्तर "आई, आपण बसा" म्हणाले तेव्हा त्यांनी तालीम थांबवली.

"आईला कोणी 'आपण बसा' म्हणतं का? 'आई, बस की' म्हण. जरा वैतागून."

शहात्तर वर्षांच्या बाईला अरेतुरे करायला मास्तरांची जीभ रेटेना. शेवटी जमलं तेव्हा त्यांना उगाचच खाकरावं लागलं. बायकोला बाईंनी बजावलं की सून इतकं गोड बोलत नाही, संशय येईल. जरा तोडून बोलायचं. हे बायकोला एका दमात जमलं. रात्री मास्तर कौतुकानं म्हणाले, ही बाई शाळेत फुकट गेली.

सहलीच्या दिवशी फाटकावर तोच कारकून होता. पन्नाशीचा, टोपीवाला, चेहऱ्यावर इस्त्री मारल्यासारखा. त्यानं वयाचं कार्ड पाहिलं. कार्डावरचं आडनाव घासून गेलं होतं. मास्तरांनी ते घासलं नव्हतं, पण सुचलं असतं तर घासलं असतं. कारकुनानं बाईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे बराच वेळ पाहिलं.

"सख्ख्या आई?"

"सख्ख्या," मास्तर म्हणाले. थोरलीनं त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता.

"सकाळची गोळी घेतली त्यांनी?"

हे तालमीत नव्हतं. पण बायको फणकारली, "घेतली. रोज मागे लागावं लागतं तेव्हा."

"खरंय," कारकून म्हणाला. "मोठ्या चक्रात बसवू नका. चक्कर येते." आणि त्यानं निम्म्या दराची पाच तिकिटं फाडली.

निम्म्या दरातही माणसाची केवढी काळजी घेतात, असं मास्तरांना वाटलं.

दिवस सोन्यासारखा गेला. डबा घरचा, पाणी घरचं, टोप्या मास्तरांनी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेल्या. बाईंनी धाकट्याला मांडीवर घेऊन छोट्या आगगाडीच्या सात फेऱ्या मारल्या आणि पाण्याच्या घसरगुंडीवरून सुनेला खाली ढकललं. दुपारी सुनेनं कोणी न सांगता बाईंच्या पिशवीतली गोळी काढून त्यांना दिली. संध्याकाळी परत निघताना मास्तर सहज म्हणाले, "आई, रविवारी जेवायला वरच ये." आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं.

फाटकाशी कारकून टोपी काढून उभा होता. त्यानं हात केला. मास्तरांनी मनात आकडा मांडला. दुप्पट दंड, आणि तोही पोरांसमोर. ते पुढे झाले आणि म्हणाले की आई फार दमली आहे, जे असेल ते उद्या बोलू.

कारकुनानं बाईंच्या हातातली पिशवी घेतली.

"दुपारची गोळी घेतलीस का गं, आई?"

"सुनेनं दिली," बाई म्हणाल्या.

मास्तर दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. दोघांचं नाक एकच होतं.

"मला सुट्टीच्या दिवशी कधी जमत नाही," कारकून म्हणाला. "बरं झालं तुम्ही आणलंत. मी आधीच सांगणार होतो, तर म्हणाली, तालीम रंगलीय, तू मध्ये पडू नकोस."

"काय सांगणार होता?" मास्तरांनी विचारलं.

"इथल्या कर्मचाऱ्याच्या आईला, आणि तिच्याबरोबरच्या चौघांना, तिकीट लागत नाही."