डावीकडची शिलाई

"दहा वर्षांनीसुद्धा एका बाजूला सूज आली, तर लगेच दाखवायचं." कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर ताईने इम्प्लांट बसवून घेतलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ती वाचली याच आनंदात मी होते. पुढचं कोण ऐकतंय!

आठ वर्षांनी माझ्या बाळंतपणाला तीच आली. बाळ शिंकलं तरी मी थर्मामीटर शोधायचे. बारशाच्या सकाळी तिने ब्लाउज पुढे केला.

"डावीकडची शिलाई उसवून दे गं."

"डावीकडचीच?"

"तुझ्या डिंकाच्या लाडवांनी एकीकडूनच सुटलेय मी!"

हसत हसत मी शिलाई उसवली.

दोन महिन्यांनी तिला हात वर करवेना. इम्प्लांटभोवती साचलेल्या पाण्यात लिम्फोमा निघाला, म्हणजे पुन्हा कॅन्सरच. काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचलेला.

"आधी का नाही बोललीस?"

"तू ओली बाळंतीण होतीस. तुला कशाला घोर लावायचा?"

आज तिची चौथी केमो. बाळाला मांडीवर घेऊन मी बाहेर बसलेय. रडायचंही त्राण नाही. तुमच्या घरात सगळ्यांचं करणारी कुणीतरी असेलच. तिला आज विचारा. "मला काय धाड भरलीय," म्हणाली तरी उठू नका; पुन्हा विचारा.